समर्थन, औचित्य आणि सबब : एका शब्दाच्या कुळाचा शोध

काही शब्द रोज कानांवर पडतात आणि रोज तोंडी येतात. पण त्यांचा नेमका अर्थ विचारला की उत्तर देताना भलाभला माणूस अडखळतो. 'जस्टिफिकेशन' हा असाच एक शब्द आहे. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या सभासदांना तो मुळीच नवा नाही. खात्यात जादा माणूस हवा असो, नवे यंत्र मागवायचे असो की ओव्हरटाइम मंजूर करून घ्यायचा असो, वरून प्रश्न ठरलेला असतो, "याचे जस्टिफिकेशन काय?" विद्यार्थ्यांना हाच शब्द संगणकावर मजकूर नीट बसवताना भेटतो, कायद्याच्या पुस्तकात भेटतो आणि तत्त्वज्ञानाच्या वर्गातही भेटतो. एकच शब्द इतक्या ठिकाणी कसा, त्याचे मूळ कोठे आणि मराठीत त्याला काय म्हणावे, याचा थोडा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत. हा केवळ शब्दांचा खेळ नाही, हे लेखाच्या ओघात वाचकांच्या ध्यानी येईलच.

शब्दाचे मूळ

हा शब्द इंग्रजीत आला तो फ्रेंच भाषेतून, आणि फ्रेंचने तो घेतला लॅटिनमधून. लॅटिन भाषेत 'युस' म्हणजे कायदा किंवा हक्क. त्यावरून 'युस्तुस' म्हणजे न्याय्य. 'फाकेरे' म्हणजे करणे. यांच्या जोडीतून जे क्रियापद तयार झाले त्याचा शब्दशः अर्थ 'न्याय्य करणे' किंवा 'न्याय्य ठरवणे' असा होतो. आता 'करणे' आणि 'ठरवणे' यांत फरक आहे. जी गोष्ट मुळात योग्य आहे ती तशी आहे असे दाखवून देणे वेगळे आणि जी मुळात योग्य नाही तिला योग्यपणाचा अंगरखा चढवणे वेगळे. या शब्दाच्या पोटात दोन्ही शक्यता जन्मापासूनच आहेत. पुढची सारी गुंतागुंत तेथूनच सुरू होते.

युरोपात हा शब्द आधी गाजला तो धर्मचर्चेत. पापी माणूस ईश्वरापुढे निर्दोष कसा ठरतो, श्रद्धेने की सत्कर्मांनी, हा तो प्रश्न. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने सुरू केलेल्या धर्मसुधारणेच्या चळवळीत हाच वाद केंद्रस्थानी होता आणि त्यावरून ख्रिस्ती जगत दुभंगले. या एका शब्दाबद्दल ल्यूथरपंथीय आणि कॅथलिक यांच्यात संयुक्त निवेदन होण्यास ३१ ऑक्टोबर १९९९ हा दिवस उजाडावा लागला. मराठी बायबलमध्ये या कल्पनेसाठी 'नीतिमान ठरणे' अशी शब्दयोजना आढळते. भाषांतरकारांनी येथे 'ठरणे' हे क्रियापद निवडले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

दुसरा अर्थ कायद्याचा. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ७९ होते. जे कृत्य कायद्याने समर्थनीय आहे, ते अपराध नव्हे, असा त्याचा आशय होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तीच तरतूद कलम १७ मध्ये आहे. कायद्याचे अभ्यासक येथे एक बारीक भेद करतात. स्वतःचा जीव वाचवण्यासाठी हल्लेखोरावर हात उगारणे हे समर्थनीय, म्हणजे त्या परिस्थितीत ते कृत्यच योग्य. सात वर्षांखालील मुलाच्या हातून काही घडले तर मात्र कृत्य योग्य ठरत नाही, करणाऱ्याला दोष लावता येत नाही, एवढेच. पहिल्यात समर्थन आहे, दुसऱ्यात माफी आहे. रोजच्या बोलण्यात आपण या दोहोंची गल्लत करतो. "त्याची परिस्थितीच तशी होती" असे म्हणताना आपण त्या माणसाला समजून घेत असतो, की त्याचे कृत्य बरोबर होते असे म्हणत असतो, हे स्वतःला विचारून पाहावे.

तिसरा अर्थ छापखान्यातला. खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळी कंपोझिटर एकेक ओळ हातातल्या स्टिकमध्ये रचत असे. ओळ रुंदीला कमी पडली तर शब्दांच्या मध्ये कोरे खिळे घालून तो ती दोन्ही कडांना नेमकी टेकवत असे. यालाही जस्टिफाय करणे असेच म्हणत, आणि आज संगणकावर एका बटणाने होणाऱ्या त्याच कामाला तेच नाव आहे. येथे शब्दाचा अर्थ 'नीट बसते करणे' असा झाला. वाचकांनी हेही पाहावे की, ओळ सरळ दिसली म्हणून तिच्यातला मजकूर खरा ठरत नाही. खोटी बातमीसुद्धा दोन्ही कडांना व्यवस्थित टेकवता येते.

मराठीतील घराणे

मराठीत या एका शब्दासाठी एकच शब्द नाही. आम्हांस ती उणीव वाटत नाही, उलट सोय वाटते. कारण इंग्रजीने जे अर्थ एका गाठोड्यात बांधले, ते मराठीने वेगवेगळ्या खणांत ठेवले आहेत.

पहिला शब्द 'समर्थन'. 'सम्' आणि 'अर्थ' यांपासून तो बनला. पाणिनीच्या व्याकरणात 'समर्थ' हा शब्द ज्यांचे अर्थ परस्परांशी जुळतात अशा पदांसाठी येतो. म्हणजे अर्थाने अर्थाशी जुळणे, सुसंगत असणे हे या शब्दाचे एक जुने अंग. 'समर्थ' म्हणजे शक्तिमान हा अर्थ आपल्या अधिक ओळखीचा. समर्थन म्हणजे एखाद्या म्हणण्याला कारणांचा आधार देऊन ते उभे राहील इतके बळकट करणे.

अलीकडे हिंदीच्या प्रभावाने 'समर्थन' हा शब्द 'पाठिंबा' या अर्थी वापरला जातो. अमुक पक्षाने तमुक उमेदवाराला समर्थन दिले, असे आपण वाचतो. मराठीची जुनी वहिवाट अशी की, पाठिंबा देतात आणि समर्थन करतात. पाठिंबा कारण न सांगताही देता येतो. भाऊ आहे, गावचा आहे, आपल्यातला आहे, एवढ्यावरही तो मिळतो. समर्थन मात्र कारणांशिवाय करताच येत नाही. हे दोन शब्द एक झाले तर 'मी त्याच्या बाजूचा आहे' आणि 'त्याचे म्हणणे बरोबर आहे' यांतला फरकच पुसला जाईल. म्हणून हा भेद विद्यार्थ्यांनी जपावा, असे आम्हांस वाटते.

दुसरा शब्द 'औचित्य'. 'उचित' म्हणजे प्रसंगाला, स्थळाला आणि व्यक्तीला शोभणारे. त्यावरून औचित्य. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने काव्याचा विचार करताना औचित्य हेच काव्याचे जीवित मानले आणि 'औचित्यविचारचर्चा' हा ग्रंथ लिहिला. आपल्या विधिमंडळात 'औचित्याचा मुद्दा' उपस्थित केला जातो, तो याच अर्थाने. गंमत अशी की, आपल्या कार्यक्रमपत्रिकांतून आणि बातम्यांतून या शब्दाचा अर्थ भलतीकडे गेला आहे. "जयंतीचे औचित्य साधून रक्तदान शिबिर घेण्यात आले," असे आपण सर्रास लिहितो. तेथे औचित्य म्हणजे केवळ प्रसंग किंवा मुहूर्त. शिबिर त्या दिवशी झाले एवढेच ते वाक्य सांगते. ते त्या दिवसाला साजेसे होते की नाही, हा खरा औचित्याचा प्रश्न मागे राहतो.

तिसरा शब्द 'न्याय्य'. शुद्धलेखनात येथे दुसरा 'य' हमखास गळतो. न्याय हे नाम, न्याय्य हे विशेषण. न्यायाला धरून असलेले ते न्याय्य. 'न्याय' या शब्दाचे मूळ 'नि' हा उपसर्ग आणि 'इ' म्हणजे जाणे हा धातू यांत आहे. ज्या रीतीने किंवा ज्या वाटेने जावे तो न्याय. म्हणूनच संस्कृतात तर्कशास्त्रालाही न्यायशास्त्र म्हणतात. नीट विचार करणे आणि नीट निवाडा करणे ही दोन्ही कामे आपल्या भाषेने एकाच नावाखाली ठेवली, ही मोठी अर्थपूर्ण गोष्ट आहे.

कारणाची सबब कशी होते

आता या घराण्याची दुसरी शाखा पाहू. 'सबब' हा शब्द अरबीतून आला. अरबीत त्याचा जुना अर्थ दोर असा आहे. दोराने वस्तू ओढून घेता येते, म्हणून दोर म्हणजे साधन, आणि साधनावरून कारण, असा त्याचा प्रवास झाला. जुन्या दप्तरी मराठीत आणि अर्जविनंत्यांत "सबब, विनंती की" असे लिहीत, आजही काही सरकारी पत्रांत तसे लिहितात. तेथे सबब म्हणजे सरळ 'म्हणून'. पण घरी, शाळेत, कारखान्यात 'सबब सांगणे' म्हणजे खरे कारण लपवून दुसरेच पुढे करणे. तीही न टिकणारी असली तर 'लंगडी सबब'.

'निमित्त' या शब्दाचेही असेच झाले. संस्कृतात त्याचा अर्थ कारण, खूण, शकुन. मराठीत मात्र 'निमित्त शोधणे', 'निमित्त काढणे' असे म्हटले की मनातला हेतू वेगळा आहे हे ऐकणाऱ्याला लगेच कळते. खुद्द 'कारण' हा शब्दही यातून सुटला नाही. "कारण सांग" असे म्हटले तर तो प्रश्न असतो. "कारणं सांगू नकोस" असे म्हटले तर ती कानउघाडणी असते. एकवचनात जे प्रामाणिक, ते अनेकवचनात संशयास्पद! यात अनुभवाचे शहाणपण आहे. खरे कारण बहुधा एक असते आणि ते सांगायला थोडा वेळ लागतो. सबबी मात्र एकीमागून एक येतात.

'खुलासा' या शब्दाचा प्रवास उलट दिशेने झाला. अरबीत त्याचा अर्थ सार किंवा अर्क. मराठीत तो स्पष्टीकरण या अर्थी रुळला आणि त्याची प्रतिष्ठा टिकली. "आपला लेखी खुलासा सादर करावा" हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल.

सबबीला म्हणींनी चांगलेच ओळखले आहे. नाचता येईना अंगण वाकडे, कोल्ह्याला द्राक्षे आंबट, आपला तो बाब्या दुसऱ्याचे ते कार्टे, या सर्व म्हणी एकाच गोष्टीच्या आहेत. आधी कृती ठरते आणि मग तिला शोभेल असे कारण शोधले जाते. १९०८ साली अर्नेस्ट जोन्स या मानसशास्त्रज्ञाने या प्रवृत्तीला स्वतंत्र नाव देऊन तिची चर्चा केली. आपल्या आजीबाईंना ती आधीपासूनच माहीत होती.

हेतू आणि हेत्वाभास

कारण खरे कोणते आणि दिखाऊ कोणते, हे ओळखण्याची काही कसोटी आहे काय? भारतीय तर्कशास्त्राने या प्रश्नावर शतकानुशतके विचार केला. एखादे विधान सिद्ध करण्यासाठी दिलेल्या कारणाला 'हेतू' म्हणतात. जे हेतूसारखे दिसते पण हेतू नसते, ते 'हेत्वाभास'. सुमारे पाचव्या-सहाव्या शतकात होऊन गेलेल्या दिङ्नाग या बौद्ध आचार्यांनी हेतूसाठी तीन अटी घालून दिल्या.

नेहमीचे उदाहरण घेऊ. डोंगरावर अग्नी आहे, कारण तेथे धूर आहे. पहिली अट अशी की, धूर त्या डोंगरावर खरोखर असला पाहिजे. दुसरी अशी की, जेथे अग्नी असतो अशा ठिकाणी, जसे स्वयंपाकघरात, धूर आढळला पाहिजे. तिसरी अशी की, जेथे अग्नी नसतो, जसे तळ्यात, तेथे धूर मुळीच आढळता कामा नये. तिसरी अट सर्वांत महत्त्वाची. जे कारण खऱ्या बाजूलाही सापडते आणि खोट्या बाजूलाही सापडते, ते काहीच सिद्ध करीत नाही. अशा कारणाला 'अनैकांतिक' म्हणजे एका बाजूला न टिकणारे म्हणतात.

यापुढचा एक सूक्ष्म प्रश्न आठव्या शतकाच्या सुमारास धर्मोत्तर या बौद्ध तर्कपंडितांनी मांडला. मांस भाजण्यासाठी कोणी नुकताच विस्तव पेटवला आहे. धूर अजून निघालेला नाही, पण मांसाच्या वासाने वर किड्यांचा थवा जमला आहे. दूरचा माणूस त्या थव्याला धूर समजतो आणि म्हणतो, "तेथे विस्तव आहे." विस्तव खरोखर आहे. मग त्याला ते ज्ञान झाले असे म्हणावे काय? धर्मोत्तरांचे उत्तर नाही असे होते. म्हणणे खरे निघाले, पण ज्या आधारावर ते उभे होते तो आधार खोटा होता. १९६३ साली एडमंड गेटियर या अमेरिकन प्राध्यापकाने अवघ्या तीन पानांचा एक निबंध लिहिला आणि असाच प्रश्न विचारून पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात खळबळ उडवून दिली. आपल्याकडे याला एक जुने नावही आहे, घुणाक्षर न्याय. लाकूड पोखरता पोखरता किड्याकडून अक्षरासारखी आकृती उमटली, म्हणून किड्याला लिहिता येते असे होत नाही. परीक्षेत चुकीच्या रीतीने बरोबर उत्तर आले तर गुरुजी गुण का कापतात, याचेही कारण हेच.

अंगुत्तर निकायातील केसमुत्ती सुत्तात कालाम लोकांनी बुद्धांना हाच प्रश्न व्यवहाराच्या भाषेत विचारला होता. गावात वेगवेगळे उपदेशक येतात, प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो, मग आम्ही मानावे काय? तेथे दिलेल्या उत्तरात कोणते आधार पुरेसे नाहीत याची दहा कलमी यादीच आहे. ऐकीव माहिती, परंपरा, ग्रंथातील उल्लेख, नुसता तर्क, आणि 'हे आमचे गुरू आहेत' ही भावनासुद्धा त्या यादीत आहे. गोष्ट स्वतः तपासावी आणि तिने कोणाचे हित होते, कोणाचे अहित होते ते पाहावे, असा त्या उपदेशाचा रोख आहे. समर्थन कशाला म्हणावे याची चर्चा आपल्या भूमीत किती जुनी आहे, हे यावरून दिसेल.

महाडचा दावा

या सर्व चर्चेचा प्रत्यक्ष जगण्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. त्यासाठी महाराष्ट्रातलाच एक खटला पाहू.

१९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई विधिमंडळाने मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव होता. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांनी तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले. त्यानंतर काय झाले ते सर्वश्रुत आहे. परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली, १०८ घागरी पंचगव्य ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबर १९२७ मध्ये काही सवर्ण गृहस्थांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा दाखल केला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या दाव्यातील युक्तिवाद महत्त्वाचा. अस्पृश्यांनी तळ्याला शिवू नये, अशी अनादिकाळापासून प्रथा आहे, म्हणून आम्हांस मनाईहुकूम मिळावा, असे वादींचे म्हणणे होते. म्हणजे समर्थनाचा सारा भार 'प्रथा' या एका शब्दावर होता. दावा महाडहून ठाण्याच्या न्यायालयात गेला आणि तेथून मुंबई उच्च न्यायालयात. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी निकाल दिला. अशी अनादी प्रथा वादींना सिद्ध करता आलेली नाही, असे न्यायालयाने ठरवले आणि अपील फेटाळले. पाणी प्यायल्यापासून हा निकाल लागेपर्यंत दहा वर्षे गेली.

आता दिङ्नागांच्या अटी येथे लावून पाहू. 'प्रथा जुनी आहे' या हेतूची पहिली अट अशी की, ती खरोखर तितकी जुनी असली पाहिजे. न्यायालयात वादी हरले ते याच पायरीवर. पण तिसरी अट त्याहून मूलगामी आहे. समजा, प्रथा जुनी असल्याचे सिद्ध झाले असते. मग ती योग्य ठरली असती काय? सतीची चालही जुनी होती, ती १८२९ साली कायद्याने बंद झाली. पाहुण्याला पाणी देण्याची रीतही जुनीच आहे. जुनेपणा चांगल्या गोष्टींतही आढळतो आणि वाईट गोष्टींतही आढळतो. म्हणजेच तो अनैकांतिक हेतू आहे, त्यावरून योग्यायोग्य काहीच सिद्ध होत नाही. त्या वेळच्या कायद्याला ही पायरी गाठता आली नव्हती. ती गाठली संविधानाने. २६ जानेवारी १९५० पासून अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, आणि अनुच्छेद १३ ने मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे शून्य ठरवताना 'कायदा' या शब्दात रूढी आणि परिपाठ यांचाही समावेश केला. प्रथा कितीही जुनी सिद्ध केली तरी ती आता हक्काच्या आड येऊ शकत नाही.

१९३६ साली लाहोरच्या परिषदेसाठी तयार केलेल्या आणि तेथे होऊ न शकलेल्या भाषणात, म्हणजेच 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात, डॉ. आंबेडकरांनी अशाच एका समर्थनाची तपासणी केली आहे. जातिव्यवस्था म्हणजे श्रमविभागणी, आणि श्रमविभागणी तर प्रत्येक सुधारलेल्या समाजात असते, असे तिचे पुरस्कर्ते म्हणत. त्यावर त्यांचे उत्तर असे की, ही श्रमांची विभागणी नव्हे, ही श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि तीही उच्चनीचतेच्या उतरंडीत. दिलेले कारण ज्या गोष्टीला लागू पडते ती गोष्टच वेगळी आहे, हे दाखवून देणे म्हणजे हेत्वाभास उघडा करणे.

समर्थनाचे ओझे कोणावर?

समर्थन कसे असावे याबरोबर ते कोणी द्यावे, हाही प्रश्न आहे. कारखान्यातील 'कारणे दाखवा' नोटीस घ्या. ती हाती पडली की घरात काळजी पसरते. पण तिच्यामागचे तत्त्व कामगाराच्या रक्षणाचे आहे. एखाद्यावर कारवाई करण्यापूर्वी आरोप काय आहे ते त्याला सांगितले पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. सरकारी नोकरांच्या बाबतीत हेच तत्त्व संविधानाच्या अनुच्छेद ३११ मध्ये आहे. म्हणजे नोटीस हा निकाल नव्हे. आपली बाजू मांडण्याची ती जागा आहे. तेथे सबब न लिहिता खुलासा लिहावा, तारखा आणि कागद जोडून लिहावा, त्याची एक प्रत आपल्याकडे ठेवावी, एवढे आम्ही सुचवू.

उलट दिशेनेही हा नियम चालतो. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ मधील कलम ६ नुसार माहिती मागणाऱ्याने ती कशासाठी हवी, याचे कारण देण्याची गरज नाही. कलम १९ मधील तरतूद तर आपल्या विषयाच्या गाभ्याचीच आहे. माहिती नाकारली आणि नागरिक अपिलात गेला, तर नकार समर्थनीय होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी नाकारणाऱ्या माहिती अधिकाऱ्यावर असते. ज्याच्या हाती अधिकार, त्याच्यावर समर्थनाचे ओझे. पूर्वी ओझे नेमके उलटे होते. पाणी पिणाऱ्याने आपण का प्यालो ते सांगावे आणि अडवणाऱ्याला कोणी काही विचारू नये, अशी ती रीत होती.

पाण्याचीच गोष्ट निघाली म्हणून आपल्या दाराशी असलेले उदाहरण पाहू. पवना धरणातून नदीत सोडलेले पाणी रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलले जाते, निगडीच्या केंद्रात शुद्ध होते आणि शहरात पोहोचते. हे पाणी नदीतून न आणता धरणापासून बंद जलवाहिनीने आणावे, अशी योजना निघाली. शहराची बाजू अशी की, वाटेतली गळती आणि प्रदूषण टळेल. मावळातील शेतकऱ्यांची बाजू अशी की, नदीवर आमची शेती आणि आमच्या उपसा योजना अवलंबून आहेत, पाणी नळीत बंद झाले तर आम्ही काय करावे? ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावरील आंदोलनात पोलिसांचा गोळीबार झाला आणि तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. नंतर चौकशी आयोग नेमण्यात आला.

येथे दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. जलवाहिनीबाबत दोन्ही बाजूंकडे खरी कारणे होती, कोणाचीही सबब नव्हती. अशा ठिकाणी दोहोंचा तोल सांभाळावा लागतो, आणि तो समोरासमोर बसूनच सांभाळता येतो. गोळी चालवण्याचा प्रश्न मात्र निराळा. योजना चांगली होती, हे कारण त्याला लागू पडत नाही. त्याचे समर्थन त्या क्षणीच्या परिस्थितीतून द्यावे लागते, आणि ते ज्याच्या हाती बंदूक होती त्यानेच द्यावे लागते. एका गोष्टीचे समर्थन दुसऱ्या गोष्टीला चिकटवले जाते, तेव्हा सावध राहावे. आपल्या घरचा नळ उघडताना रावेतकरांनी एवढे तरी स्मरणात ठेवावे.

विद्यार्थ्यांसाठी चार प्रश्न

सारांश, जस्टिफिकेशन या एका शब्दासाठी मराठीने आपल्याला अनेक शब्द दिले आहेत. कारणांनी म्हणणे बळकट केले तर समर्थन, प्रसंगाला शोभले तर औचित्य, न्यायाला धरून असले तर न्याय्य, बाजू स्पष्ट केली तर खुलासा, आणि मागाहून शोधून काढले तर सबब. बोलताना यांतला योग्य शब्द निवडला तरी निम्मे काम होते.

उरलेल्या निम्म्या कामासाठी कोणतेही समर्थन समोर आले की चार प्रश्न विचारावेत. दिलेले कारण खरे आहे काय? ते याच गोष्टीला लागू पडते, की शेजारच्या दुसऱ्या गोष्टीला? तेच कारण एखाद्या उघड वाईट गोष्टीलाही देता आले असते काय? आणि या गोष्टीची झळ ज्याला बसणार आहे त्याला हे कारण तोंडावर सांगता येईल काय?

हे प्रश्न प्रथम दुसऱ्याला विचारावेसे वाटतात, ते साहजिक आहे. ते घरातही विचारावेत. मुलीचे शिक्षण दहावीवर थांबवताना, लग्नात कर्ज काढताना, भाडेकरूला जात विचारताना जे कारण आपण देतो, ते समर्थन आहे की सबब, हे ठरवायला न्यायालयाची गरज पडत नाही.